उंच पोराला बाकावर बसवण्याआधी: स्मॉल बॉलमधल्या या चुका टाळा

बास्केटबॉलचा सामना सुरू होऊन सहा मिनिटं झालेली. कोर्टवर साडेपाच फुटांच्या आसपासची पाच पोरं पळताहेत, आणि त्या वयोगटातला जिल्ह्यातला सगळ्यात उंच पोरगा खांद्यावर टॉवेल टाकून बाकावर बसलाय. दुखापत नाही, फाउल नाहीत. त्यांच्या तरुण कोचला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, आता सगळे स्मॉल बॉलच खेळतात ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. मान डोलावतो आणि चहाच्या टपरीकडे निघतो.

मला स्मॉल बॉलचं, म्हणजे उंच खेळाडू बसवून पाच लहान, चपळ खेळाडू उतरवण्याचं, वावडं नाही. माझ्या टीमची पोरंही तो खेळतात, आणि जमला की बघायला बहार येते. पण सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, बाहेर काढणं ही त्यातली शेवटची पायरी आहे. आपल्याकडे तीच पहिली करतात.

उंची कमी केली की झालं, हा समज

बाकीच्या सगळ्या चुका हिच्याच पोटी जन्मतात. बहुतेकांच्या डोक्यात २०१५ ची एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची, फायनल असते. वॉरियर्स ही टीम क्लीव्हलँडविरुद्ध मालिकेत १-२ ने मागे होती. चौथ्या सामन्याला कोच स्टीव्ह करनं सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं, आंद्रे इगोडालाला घेतलं आणि ड्रेमंड ग्रीनला सेंटर केलं. सुरुवातीलाच ०-७ ने मागे पडले, तरी करनं बेत बदलला नाही. सामना १०३-८२ ने जिंकला, मालिका ४-२ ने, आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू इगोडाला ठरला.

इथवर सगळ्यांना पाठ असतं. पुढचं कुणी बघत नाही. ग्रीन साडेसहा फुटांचा असला तरी त्याचे पसरलेले हात सात फुटांहून जास्त भरतात, आणि मागे उभा राहून तो अख्ख्या टीमला ओरडून जागा सांगत असतो. बोगटलाही कुणी घरी पाठवलं नव्हतं. पुढच्या मोसमात वॉरियर्सनी ७३ सामने जिंकले, तेव्हा सुरुवातीच्या पाचांत बहुतेक वेळा बोगटच असायचा. ती गाजलेली लहान पाच जणांची जोडणी सामन्यातल्या ठरावीक मिनिटांपुरती बाहेर निघायची, लोणच्यासारखी.

माझीच गोष्ट सांगतो. दुसऱ्यांच्या चुकांवर बोलायचा हक्क मी त्यातूनच कमावलाय. त्याच वर्षीचा हिवाळा, सतरा वर्षांखालच्या गटाचा उपांत्य सामना. माझ्याकडे सहा फूट तीन इंचांचा पोरगा होता. हात चांगले, पाय जरा जड. मी त्याला बसवलं आणि पाच चपळ पोरं उतरवली. पहिला क्वार्टर १६-७. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत असा रेललो, जणू समोर सिमेंटचं कोर्ट नव्हतं, वॉरियर्सचं ओकलंड होतं.

दुसऱ्या क्वार्टरला समोरच्या वयस्कर कोचनी एकच गोष्ट केली. त्यांचा उंच पोरगा, ज्याला धड ड्रिबलही जमत नव्हतं, तो टू-थ्री झोनच्या (दोघे पुढे, तिघे मागे अशा जागा धरून केलेल्या बचावाच्या) मधोमध रिंगखाली उभा केला. हलूच नको म्हणाले. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांनी खेळतो आणि त्यात बचावाला तीन सेकंदांची अट नाही. एनबीएत आहे, कुणालाही गार्ड न करता तिथला सेंटर रिंगखाली खांबासारखा उभा राहू शकत नाही. तिथल्या लहान टीमांना आत घुसायला वाट मिळते त्यामागे हाही नियम आहे. शिवाय आपल्याकडे बॉल एकदा रिंगला लागला की वरच्या वर टोलवता येतो, एनबीएत तो रिंगच्या वर असेपर्यंत हात लावायचा नसतो. म्हणजे रिंगजवळच्या उंच हाताला आपले नियम दोनदा बक्षीस देतात. हे मला माहीत होतं. फक्त त्या दिवशी आठवलं नाही.

आत जायला वाट नाही म्हणून पोरं बाहेरून मारू लागली. संध्याकाळचा वारा, गुळगुळीत झालेला रबरी बॉल. शॉट चुकला की माझे पाचही जण मान वर करून बॉलकडे बघत उभे. माझ्या वहीत त्या दिवसाचं पान अजून आहे. उत्तरार्धातले रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल: आपले ६, त्यांचे २३. सामना ४१-४८ ने गेला. साहित्य गोळा करताना तो उंच पोरगा जाळीत बॉल भरता भरता म्हणाला, "सर, माझं काय चुकलं होतं?" मी म्हटलं, "काही नाही रे, मॅचअप नव्हता." पुढच्या वर्षी तो व्हॉलीबॉलला गेला. तिथे त्याला रोज खेळवतात म्हणे.

तेव्हापासूनचा माझा नेम असा. लहान पाच जण एका बाजूला, दोन सगळ्यात उंच पोरं दुसऱ्या बाजूला. मी मुद्दाम चुकवून दहा बॉल रिंगवर मारतो. लहानांनी त्यातले सात काढायचे. सात निघाले नाहीत तर त्या आठवड्यात स्मॉल बॉलचं नाव काढायचं नाही. सातच का, याला शास्त्र नाही, मला सात पुरेसे वाटतात. हे सात उडी मारून निघत नाहीत. आपल्या माणसाला आधी शोधायचं, त्याच्या मांडीवर पाठ टेकवायची, कंबर खाली, हात वर, आणि मगच बॉल कुठे आहे ते बघायचं. चौघांनी चौघांना अडवून धरलं की पाचव्यानं जमिनीवर आपटलेला बॉल उचलला तरी चालतो. पोरांना उलटं हवं असतं. आधी बॉल बघायचा, मग आठवायचं आपला माणूस कोण होता ते.

"स्विच, स्विच" म्हणून ओरडणं आणि कुणीच न बदलणं

हा माझा दुसरा जुना राग. लहान टीमचा खरा फायदा बचावात आहे. पाचही जण साधारण एका मापाचे असले की समोरच्यांनी स्क्रीन लावल्यावर, म्हणजे आपल्या वाटेत माणूस उभा करून अडवल्यावर, आपले दोघे माणसं बदलून घेतात (हाच स्विच) आणि कुणी मोकळा सुटत नाही. कागदावर फारच सोपं. मैदानावर होतं काय? स्क्रीन लागते, दोघेही बॉलवाल्याकडे धावतात, आणि स्क्रीन लावणारा रिंगकडे वळून आरामात लेअप, म्हणजे रिंगजवळून सोपा बॉल, घालतो. मग दोघं एकमेकांकडे हात करून, "तुझा होता!" हा तमाशा मी राज्य पातळीवरच्या सामन्यातही बघितलाय.

कारण एकच, बोलणं उशिरा होतं. स्क्रीन लागल्यावर ओरडून उपयोग नाही, स्क्रीन यायला लागली की ओरडायचं. आणि ते ज्याला धक्का बसणार आहे त्यानं नव्हे, मागच्यानं. येणारा माणूस त्यालाच दिसतो. सरावाची पहिली दहा मिनिटं मी बॉल पिशवीतच ठेवतो. चार विरुद्ध चार, नुसत्या स्क्रीन, नुसता आवाज. पोरांना हे भयंकर कंटाळवाणं वाटतं. एक पालक येऊन म्हणाले, "सर, फी बास्केटबॉलची भरलीय, यात बॉल कुठाय?" मी म्हटलं, "येईल हो, आधी कंठ फुटू दे."

आणखी एक. बदलताना ज्याच्या वाट्याला उंच माणूस आला त्यानं त्याच्या मागे उभं राहून नशिबाला बोल लावू नये. त्याच्या पुढे यायचं, बॉल आणि तो यांच्यामध्ये. वरून उंच पास येईल तो झेलायला पलीकडच्या बाजूचा आपला माणूस एक पाऊल आत हवा, आणि पास देणाऱ्याच्या तोंडासमोर हात हवा. तिघांपैकी एक जरी झोपला तरी दोन गुण गेले समजा.

स्टेफन करीच्या जागेवरून शॉट मारणं

एनबीएची थ्रीची, म्हणजे तीन गुणांच्या शॉटची, रेषा वरच्या बाजूला ७.२४ मीटरवर आहे, आपली ६.७५ वर. तरी आमची पोरं आपल्या रेषेच्याही दोन पावलं मागून मारतात, वॉरियर्सचा करी व्हिडिओत तसं मारताना दिसतो म्हणून. हिशेब साधा आहे: दहा थ्रीपैकी दोन गेले तर सहा गुण, दहा लेअपपैकी पाच गेले तर दहा. थ्री तीनात एक जायला लागला तेव्हा कुठे तो निम्म्या लेअपच्या बरोबरीला येतो. लहान टीम पसरून उभी राहते ती बाहेरच्यांची भीती वाटून बचाव बाहेर यावा म्हणून. तुमच्या कुणाचीच भीती वाटत नसेल तर बचाव आतच बसतो आणि तुमची पसरलेली पोरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी कडेला उभी राहतात.

मी शॉट मोजतो. दमल्यावर, सराव संपताना, प्रत्येकी वीस. ताजेतवाने असताना मारलेले मी धरत नाही. वहीत सलग चार आठवडे वीसपैकी सात दिसले की त्या पोराला सामन्यात थ्रीची परवानगी. हा नियम जुलमी आहे असं पोरांचं मत आहे. असू दे.

लहान म्हणजे हलका समजणं

एनबीएतल्या ह्यूस्टननं फेब्रुवारी २०२० मध्ये उंच सेंटर क्लिंट कपेलाला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं आणि सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला सेंटरला खेळवलं. टकर म्हणजे दगडी पाटा, त्याला हलवता यायचं नाही. इतकं करूनही त्या मोसमाच्या बाद फेरीत लेकर्सविरुद्ध पहिला सामना जिंकल्यावर पुढचे चार ओळीनं हरले, आणि लेकर्सकडे अँथनी डेव्हिस होता, जो उंचही होता आणि लहानांबरोबर पळतही होता. आपल्याकडे मात्र सेंटरच्या जागी पंचेचाळीस किलोचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारा छोटा खेळाडू, उभा करतात. त्याचे दुसऱ्या क्वार्टरला तीन फाउल होतात, आणि आपल्याला पाचव्याला बाहेर जावं लागतं. एनबीएत सहाव्याला.

अख्खा सामना लहान खेळणं

नको. माझी वेळ ठरलेली आहे: समोरचा सेंटर दमला किंवा फाउलमध्ये अडकला की पाच-सहा मिनिटं. २०२५ च्या फायनलमध्ये ओक्लाहोमा सिटीनं पहिल्या सामन्याला सेंटर हार्टेनस्टाइनऐवजी एक गार्ड घेऊन सुरुवात केली आणि एका गुणानं हरले. चौथ्या सामन्याला तो सात फुटी परत सुरुवातीला आला. मालिका त्यांनी ४-३ ने घेतली. त्याआधी डेन्व्हरनं २०२३ ला सेंटर योकिचच्या जिवावर विजेतेपद घेतलं, मिलवॉकीनं २०२१ ला यानिसबरोबर सात फुटी ब्रुक लोपेझला खेळवून. जिथून ही फॅशन आली तिथेच उंच माणसं परत आलीत, फक्त आता त्यांना पासही देता येतो आणि बाहेरून मारताही येतं. आपल्याकडची बातमी दहा वर्षं जुनी आहे.

उरलेल्या, पटापट

बदली खेळाडू नसताना वेगवान खेळ लावणं. उन्हाळ्यात दुपारी चारच्या सामन्यात तर अजिबात नको, विदर्भात असाल तर विचारही नको.

उंच पोराला ड्रिबल न शिकवणं, "तू फक्त रिंगखाली राहा" म्हणून. मग तो लहानांबरोबर खेळू शकत नाही आणि आपण त्यालाच दोष देतो.

फास्ट ब्रेकच्या नादात रिबाउंड हातात येण्याआधीच तिघांनी पुढे पळत सुटणं. बॉल मागेच राहतो.

"आमच्याकडे उंच पोरंच नाहीत हो" असं म्हणणाऱ्यांना यातलं निम्मं लागू नाही. तुमच्यापुढे निवड नाही, तुम्हाला लहानच खेळायचंय. तुम्ही पूर्ण कोर्टवर दबाव टाका, समोरच्या उंच पोरापर्यंत बॉल पोचायलाच दहा-बारा सेकंद लावा. एका तालुक्याच्या शाळेनं तीन वर्षांपूर्वी आम्हाला असंच हैराण केलं होतं, त्यांच्यात सगळ्यात उंच होता तो पाच फूट नऊ. सामन्यानंतर मी त्यांच्या कोचना विचारलं, सरावाला काय करून घेता? म्हणाले, "काही नाही सर, कोर्टला एकच रिंग आहे. निम्मा वेळ पोरं नुसती गार्डिंगच करतात."