पेनातल्या स्प्रिंगची बंदूक

भाच्यासाठी मी ही बॉलपेनाच्या नळीतून करतो. रिफिलीच्या पुढच्या टोकाला सेलोटेप गुंडाळून जाड कडं करा, मागून स्प्रिंग चढवा आणि शेपूट मागच्या बुचाच्या भोकातून बाहेर काढा. त्या शेपटीलाही टेप गुंडाळा, नाहीतर रिफीलच उडेल! (आमची एकदा कपाटाखाली गेली.) शेपूट ओढली की कडं आणि बूच यांच्यात स्प्रिंग दबते. कड्यासमोर नळीला भोक पाडून टाचणी अडकवा, तोच घोडा. पुढून कागदाची मऊ गोळी, टाचणी उपसा, सुटली!

कडं नळीत सैलसर सरकलंच पाहिजे, सगळी गंमत तिथेच आहे. घासलं तर जोर घर्षणातच जातो. स्प्रिंग दुप्पट दाबली तर ऊर्जा चौपट साठते, म्हणून तोंडाकडे नेम कधीच नको.