पुस्तक कपाटात परत ठेवू नका

जुलैमध्ये नवी बॅच आली की देवघेवीच्या काउंटरवरून मी एकच गोष्ट सांगत सुटते: वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच राहू द्या, स्वतः कपाटात ठेवू नका. मुलं गोंधळतात. घरी आईनं आणि शाळेत बाईंनी 'जागच्या जागी ठेव' हेच शिकवलेलं असतं. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांची संख्या लाखांत जाते, आणि 'जागच्या जागी' म्हणजे नेमकं कुठे, हे पाठीवरच्या आकड्यांवरून ठरतं. एक कप्पा इकडचा तिकडे झाला की ते पुस्तक संगणकावर 'उपलब्ध' दिसत राहतं आणि कपाटात कुणाला सापडत नाही. बाहेर गेलेलं पुस्तक कधीतरी परत येईल अशी आशा तरी असते. याची वाट कुठे बघायची?

उन्हाळ्यात साठा पडताळणी होते तेव्हा अशी कितीतरी पुस्तकं भलत्याच विषयाच्या रांगेत भेटतात. बहुतेक चुकून गेलेली. काही मात्र मुद्दाम. परीक्षेच्या तोंडावर अर्थमितीचं पुस्तक प्राणिशास्त्राच्या कपाटात, मागच्या बाजूला आडवं, हे काही आपल्या पायांनी चालत गेलेलं नसतं. ज्यानं लपवलं तो खूश. त्याच्या वर्गातले बाकीचे साठ जण काउंटरवर येऊन आमच्याशी भांडतात.

तर आत कसं यायचं, तिथून सुरुवात करू. ओळखपत्र गळ्यात किंवा हातात. बॅग बाहेर ठेवून टोकन घ्यायचं. पाकीट, मोबाइल आणि लॅपटॉप मात्र सोबत आणा, त्याची जबाबदारी ग्रंथालय घेत नाही, तशी पाटीच असते. स्वतःचं छापील पुस्तक आत न्यायचं असेल तर दारावर आधी दाखवा, नाहीतर बाहेर पडताना ते तुमचंच आहे हे सिद्ध करत बसाल. खाण्याचं काही नको. हा नियम स्वच्छतेच्या शिस्तीसाठी आहे असं वाटतं, पण खरा मुद्दा पुस्तकांचा आहे. वेफर्सचा चुरा सांडला की मुंग्या आणि झुरळं येतात, मग उंदीर. आणि बांधणीच्या खळीवर जगणाऱ्या कसरीला तर आमंत्रणही लागत नाही.

आता पुस्तक शोधणं. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत, मराठी पुस्तक सापडत नाही म्हणून मुलं लगेच हात टेकतात. आधी देवनागरीत टाइप करून बघा, मग रोमनमध्ये. जुन्या नोंदी रोमनमध्ये केलेल्या असतात आणि लिहिणाऱ्यानं त्या दिवशी जे स्पेलिंग केलं ते कायम झालेलं असतं. 'फुले' हे नाव एफनेही शोधा, पीएचनेही. पूर्ण शीर्षक टाकू नका. लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातला एखादा ठळक शब्द पुरतो. नोंद मिळाली की तीन गोष्टी कागदावर उतरवा: बोधांक (पाठीवरचा, जागा सांगणारा आकडा), दाखल क्रमांक (त्या एका प्रतीचा स्वतःचा नंबर) आणि पुस्तक कुठल्या विभागात आहे. मोबाइलमध्ये फोटो काढलात तरी चालेल, पण आकडा पाठ करून निघू नका. वाटेत मित्र भेटतो आणि आकडा बदलतो.

बोधांक वाचायला कुणी शिकवत नाही, म्हणून इथे जरा थांबते. बऱ्याच ठिकाणी ड्युई दशांश पद्धत वापरतात. मेल्विल ड्युई यांनी ती 1876 मध्ये प्रसिद्ध केली. मराठी साहित्य तिच्यात 891.46 वर येतं, मराठी भाषा 491.46 वर. आता सांगा, 891.439 आधी की 891.46? दहातले आठ जण 46 आधी म्हणतात, कारण 439 मोठा दिसतो. पण हे दशांश आहेत. टिंबानंतर एकेक अंक वाचायचा: चार आणि चार सारखे, पुढे तीन आणि सहा, म्हणून 439 आधी. तिथे उर्दू साहित्य आहे. एवढं एक कळलं की कपाटांच्या रांगांमध्ये तुमचं भटकणं निम्मं कमी होईल. आकड्याखाली लेखकाच्या नावावरून दिलेलं चिन्ह असतं, ते सारख्या आकड्याच्या पुस्तकांना आपापसात लावण्यासाठी. काही ग्रंथालयांत भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत असते. तिथले आकडे वेगळेच दिसतील, घाबरू नका, विचारा.

एक चांगलं पुस्तक सापडलं की तिथेच उभं राहून डावी-उजवीकडची पुस्तकंही चाळा. संगणक हे करून देत नाही, त्याला तुम्ही विचाराल तेवढंच कळतं. पण एका विषयाची सगळी पुस्तकं एकाच रांगेत असतील असंही समजू नका. साखर कारखान्यांवर प्रबंध करणारी एक मुलगी सहकाराच्या 334 क्रमांकाशी आठवडाभर मुक्काम ठोकून होती. तिला म्हटलं, बाई गं, ऊस 633.61 वर आहे, साखर बनवण्याचं तंत्र 664.1 वर आहे, आणि कारखान्याआधी त्या भागात काय पिकत होतं ते बघायचं असेल तर संदर्भ विभागात जुनी गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेले जिल्हावार माहितीचे खंड, आहेत. कोल्हापूरचा खंड 1886 सालचा आहे. त्यात पिकं, जमीन, बाजार, रस्ते सगळं गावाकडच्या तपशिलात मिळतं, फक्त ते इंग्रज साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचायचं.

हे संदर्भ विभागातले ग्रंथ घरी मिळत नाहीत. कोश, गॅझेटिअर, बांधीव नियतकालिकं, प्रबंध, सगळं बसूनच वाचायचं. यावरून हुज्जत घालू नका, कारण ते एका दुपारी पाच जणांना लागतं. जुन्या कागदाला जपा. शंभर वर्षांपूर्वीच्या स्वस्त कागदात आम्ल असतं, पानाचा कोपरा दुमडलात तर तो तुमच्या हातात येतो. खूण म्हणून कागदाची पट्टी घाला. पेन्सिलीनं रेघ मारली तर काय बिघडतं, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. तुमच्या रेघांनी पुढच्याचं वाचन बिघडतं, आणि खोडताना पान फाटतं ते वेगळं.

झेरॉक्सचं जरा वेगळं आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी एखादं प्रकरण काढणं आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 मध्ये बसतं. अख्खं पुस्तक स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकणं हा माझ्या मते सरळ लबाडीचा प्रकार आहे. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला प्रकाशक 2016 मध्ये उच्च न्यायालयात हरले, हे मुलं मला ऐकवतात. तो निकाल शिकवण्यासाठी तयार केलेल्या उताऱ्यांच्या संचांबद्दल होता, हे ऐकवत नाहीत. आणि काचेवर पुस्तक दाबून त्याचा कणा मोडू नका. जाड बांधणीच्या खंडाला मोबाइलचा कॅमेरा बरा, अर्थात तिथे फोटोला परवानगी असेल तर.

शोधनिबंधांसाठी आता सोय मोठी आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्र सरकारची नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीची योजना 2025 च्या जानेवारीत सुरू झाली, तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं त्यात आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या केंद्राच्या 'शोधगंगा' संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. विषय पक्का करण्याआधी तिथे बघा, नाहीतर आधीच झालेलं काम पुन्हा उगाळाल. इथला नियम कुणाच्या लक्षात येत नाही तो असा: एका बैठकीत शेकडो पीडीएफ धडाधड उतरवू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ती चोरी वाटते आणि तो सगळ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवू शकतो. शिव्या खातो ग्रंथपाल.

वाचनकक्षातल्या जागेबद्दल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तशी मुलं सकाळी सातला वही आणि बाटली ठेवून टेबल धरतात आणि जेवायला, चहाला, क्वचित झोपायलाही जातात. अशी वही उचलून काउंटरवर आणायचा आम्हाला अधिकार आहे आणि मी तो वापरते. स्पर्धा परीक्षावाल्यांनो, हे विशेषकरून तुमच्यासाठी.

मदत लागली तर आधी कपाटांमधल्या मामांना विचारा. ग्रंथालय परिचर हे त्यांचं पद, पण सगळे मामाच म्हणतात. कुठल्या रांगेत कुठलं निळ्या पाठीचं पुस्तक आहे हे त्यांना तालिकेपेक्षा लवकर आठवतं. फक्त "मामा, ते इतिहासाचं जाड पुस्तक" एवढ्यावर सोडू नका. दाखल क्रमांक दाखवा.

पुस्तक घरी नेताना पानं मोजायची गरज नाही, पण फाटलेलं, भिजलेलं काही दिसलं तर काउंटरवरच सांगून नोंद करून घ्या. नाहीतर नंतर तो दोष तुमच्या खात्यावर येतो. मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करा. दुसऱ्यानं आरक्षण केलेलं असेल तर ते होणार नाही, आणि त्यासाठी माझ्यावर डोळे वटारून उपयोग नाही. पुस्तक हरवलं तर विलंब शुल्क वाढण्याची वाट न बघता लगेच येऊन सांगा. बहुतेक ठिकाणी तीच किंवा नवी आवृत्ती आणून दिली की प्रकरण मिटतं.

शेवटच्या सत्राची परीक्षा संपली की हॉस्टेल सोडायच्या आधी ना-देय प्रमाणपत्र, म्हणजे ग्रंथालयाचं काही देणं राहिलेलं नाही असा दाखला, घ्या. गावी पोहोचल्यावर आठवलं तर कुरिअरनं पुस्तक पाठवावं लागतं, त्यात एखादं मित्राच्या खोलीवर राहिलेलं असतं, आणि मित्र दुसऱ्या गावी गेलेला असतो. अनामत भरल्याची पावती पहिल्याच दिवशी स्कॅन करून ठेवा. परतावा घेताना ती मागतात.