एसीचा एमसीबी पडतो म्हणून मोठा एमसीबी लावू नका

"एसी वीस मिनिटं चालतो आणि एमसीबी पडतो." उन्हाळ्यात ही तक्रार घरोघरी असते, आणि तिच्यावर घाईत केला जाणारा उपायही ठरलेला असतो: 16 अँपिअरचा काढायचा, 32 चा लावायचा. विजेच्या कामात याहून घातक चूक क्वचितच होत असेल. एमसीबी, म्हणजे करंट जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच, भिंतीतल्या वायरला वाचवण्यासाठी असतो, एसीला नव्हे. 32 चा एमसीबी 36 अँपिअरला तासभर तरी पडत नाही. भिंतीत 2.5 चौरस मिमीची वायर असेल, तर ती तेवढा वेळ नळीच्या आत भाजत राहते आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

अशा तक्रारीत नेमकं काय निघतं ते पाहा. दीड टनाचा स्प्लिट एसी, टोंग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचं मीटर) लावला तर 7 अँपिअर. म्हणजे एसी ठणठणीत आहे. 7 अँपिअरवर 16 चा एमसीबी पडायला नको. डीबीचं, म्हणजे एमसीबी बसवलेल्या बॉक्सचं, कव्हर काढलं की कारण दिसतं: एमसीबीचा खालचा स्क्रू अर्धा वळसा सैल, तिथल्या वायरचं लाल इन्सुलेशन तपकिरी पडून बोटभर कडक झालेलं, वाकवलं की तडकतं. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम धरा. 7 गुणिले 7 गुणिले 0.5, म्हणजे जवळजवळ 25 वॅट उष्णता त्या एका स्क्रूपाशी. 25 वॅटमध्ये सोल्डरिंग आयर्न चालतं. ती धग एमसीबीच्या आतल्या पट्टीला लागते, पट्टी वाकते आणि एमसीबी पडतो. तो बिचारा आपलं काम चोख करत असतो. तिथे 32 चा बसवला की धग तशीच राहते, फक्त इशारा देणारं कुणी उरत नाही. मग पंधरा-वीस दिवसांनी डीबीतून जळका वास येतो.

दुरुस्ती साधी आहे. मेन बंद करा, मल्टीमीटरने शून्य व्होल्ट पाहा. जळकी वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, वायरच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून बसवा, स्क्रू आवळा आणि वायर ओढून बघा. तापलेला एमसीबीही बदला, पण त्याच रेटिंगचा. थ्री पिन टॉपची पिन काळी पडली असेल, तर टॉप आणि सॉकेट दोन्ही एकदम बदला. जुन्या सैल सॉकेटमध्ये नवा टॉपही जळतो. दीड टनाला 4 चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र लाइन टाकलेली उत्तम.

एसी सुरू होताच त्याच क्षणी एमसीबी पडत असेल, तर गोष्ट वेगळी: शॉर्ट, कॉम्प्रेसर जाम, किंवा सुरुवातीचा झटका सोसणाऱ्या सी कर्व्हच्या जागी लहान झटक्यालाच पडणारा बी कर्व्हचा एमसीबी.

दुसरी चूक म्हणजे टेस्टरवर विश्वास. टेस्टरचा दिवा लागला याचा अर्थ फेज आहे, एवढाच. व्होल्टेज 230 आहे की 160, हे तो सांगत नाही. न्यूट्रल तुटला असेल आणि एसीचा स्विच चालू असेल, तर दोन्ही टोकांना दिवा लागतो, आणि लोक "सप्लाय बरोबर आहे" म्हणून थेट पीसीबी, म्हणजे एसीचं इलेक्ट्रॉनिक कार्ड, बदलायला निघतात. पीसीबी महाग असतो आणि बरेचदा त्याचा काही दोष नसतो. आधी मल्टीमीटर लावा, आणि तोही कॉम्प्रेसर सुरू होत असताना. रिकाम्या लाइनला 210 दाखवणारं मीटर सुरू होतानाच्या झटक्यात किती खाली येतं, तेच बघायचं असतं. 20 मीटर लांब 1.5 चौरस मिमीची वायर आणि सुरुवातीचा 40 अँपिअरचा झटका धरला, तर जवळपास 19 व्होल्ट वायरमध्येच जातात. 4 चौरस मिमीत फक्त सात-साडेसात. हे मोजायला दोन मिनिटं लागतात. नवशिक्यांना तेवढाही धीर नसतो.

कॉम्प्रेसर घुमतो, काही सेकंदांत गप्प होतो, थोड्या वेळाने पुन्हा घुमतो? व्होल्टेज ठीक असेल, तर कॅपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) मोजा. 50 मायक्रोफॅरॅडवर 5 टक्के सूट, म्हणजे 47.5 च्या खाली आला की बदलायचा. तेवढ्याच क्षमतेचा, 440 व्होल्टचाच घ्या. "थोडा मोठा लावू, जोर येईल" हे चूक आहे, कॉम्प्रेसरच्या मोटरचं वाइंडिंग तापतं. मोजण्याआधी तो रिकामा करायचा तो 230 व्होल्टच्या जुन्या पिवळ्या बल्बने. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडू नका.

"गॅस संपला" हे निदान करंट पाहिल्याशिवाय करू नये. कॉम्प्रेसरच्या वायरला शून्य अँपिअर असेल, तर त्याचा गॅसशी संबंध नाही. कॉम्प्रेसर चालू आहे आणि करंट पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच कमी आहे, तेव्हा गॅसचा संशय घ्या.

कॉम्प्रेसर गरम असताना वाइंडिंग ओपन (तुटलेलं) दिसलं म्हणून तो निकाली काढू नका. आतला ओव्हरलोड, म्हणजे तापलं की सर्किट तोडणारा स्विच, उघडलेला असू शकतो. दोन तास थंड होऊ द्या, मग पुन्हा मोजा.

इन्व्हर्टर एसीत इनडोअर-आउटडोअरमधल्या केबलला मध्ये जोड देऊ नका. कम्युनिकेशनचा एरर बरेचदा तिथूनच येतो. आउटडोअरच्या पीसीबीवर वीज बंद केल्यावरही 300 हून जास्त व्होल्ट डीसी उरतात. दहा मिनिटं थांबा, मीटरने बघा, मगच हात घाला. हे झाकण शिकलेल्या माणसानेच उघडावं.

आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो म्हणून तो काढून टाकणं, किंवा अर्थिंग नाही म्हणून न्यूट्रल अर्थच्या पिनला जोडणं, हे जिवावर बेतणारं आहे. तो न्यूट्रल तुटला की एसीच्या पत्र्यात फेज येतो. साध्या, बिनइन्व्हर्टर एसीत गळती शोधायची तर वीज बंद करा, कॉम्प्रेसरच्या तिन्ही वायर काढून टेप लावा, आणि फक्त पंखे चालवा. आरसीसीबी टिकला, तर गळती कॉम्प्रेसरमध्ये किंवा त्याच्या टर्मिनलवर. 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं मीटर) लावा, आणि तो लावताना पीसीबी जोडलेला नको. एक मेगओहमच्या खाली आलं, तर आधी टर्मिनल पुसून, कोरडं करून पुन्हा मोजा. कोकणात खाऱ्या हवेने टर्मिनल हिरवं पडतं आणि पावसाळ्यात तिथूनच करंट उतरतो. कॉम्प्रेसर चांगला असतो.