कोल्हापुरात नवीन आहात? मग पावसाआधी एवढं करून ठेवा

बदली होऊन आलेले, विद्यापीठात शिकायला आलेले, गोकुळ शिरगाव, शिरोली किंवा कागलच्या एमआयडीसीत कामाला लागलेले आणि इथला पावसाळा अजून न पाहिलेले असे जे कोणी असाल, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी मूळची लातूर जिल्ह्यातली. लग्न होऊन इथं आले आणि 2019 व 2021 हे दोन्ही महापूर इथंच काढले. आमच्यासारख्या कोरड्या भागातून आलेल्या माणसाला पाणी जास्त झालं तर काय होतं, हे माहीतच नसतं. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या कृष्णेच्या खोऱ्यातून ते पाणी आलं, त्याच खोऱ्यात तीन वर्षांनी लोक माळ्यावर बसून बोटीची वाट बघत होते.

आपत्ती म्हटलं की आम्हा लातूरकरांना किल्लारीचा भूकंप आठवतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे कुणाला उठून बसायलाही सवड मिळाली नाही. पंचगंगेचं तसं नाही, ही नदी सांगून येते. पावसाळ्यात तिची पातळी फूट-इंचांत रोज जाहीर होते आणि पूर चढायला लागला की तासातासाला आकडा कळतो. तरीही माणसं अडकतात, ती 'बघू अजून, एवढं नाही येणार' म्हणत बसल्यामुळं. त्यातही बाहेरून आलेले जास्त अडकतात, कारण इथल्या माणसाला जायला पै-पाहुण्यांचं घर असतं आणि आपल्याला नसतं. म्हणून माझं पहिलं सांगणं सामानाचं नाहीच. कुठं जायचं आणि किती फुटाला निघायचं, या दोन गोष्टी मे महिन्यातच ठरवून टाका. पिशवी भरायला एक संध्याकाळ पुरते. हे दोन निर्णय मात्र पाणी दारात आल्यावर होत नाहीत.

आधी फुटांचं समजून घ्या. पातळी मोजतात ती कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 च्या जुलैमध्ये 56 च्याही वर. पण हे आकडे सगळ्या शहराचे झाले. तुमच्या गल्लीचा आकडा वेगळा असतो, आणि कामाचा तोच. नदीकाठच्या सुतारवाड्यातली कुटुंबं सगळ्यात आधी हलवावी लागतात, त्यांची सोय बहुतेक वेळा चित्रदुर्ग मठात होते. दुधाळी, शुक्रवार पेठ, जामदार क्लबचा परिसर, बापट कॅम्प, रमणमळा इथं पुढच्या फुटांना पाणी येतं. तुम्ही राहता तिथल्या जुन्या माणसाला विचारा, 'आपल्या बोळात किती फुटाला पाणी येतं?' तो आकडा सांगेल, आणि पाणी कोणत्या बाजूनं शिरतं तेही सांगेल.

बाजूचं एवढ्यासाठी म्हणतेय की शहराच्या बऱ्याच भागात पाणी नदीकडून येतच नाही. शाहूपुरीतली कुंभार गल्ली किंवा व्हीनस कॉर्नर बघा, नदी कुठं आणि हा भाग कुठं. पण शहरातून जाणारा जयंती नाला पंचगंगेला मिळतो. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो आणि गटारांतून, चेंबरमधून वर उसळतो. नवीन माणूस नदीच्या दिशेकडं डोळे लावून बसतो आणि पाणी मागच्या दारानं मोरीतून घरात येतं. तळमजल्यावर असाल तर मोरीचं आणि संडासाचं तोंड बंद करायला जाड प्लॅस्टिक आणि वाळूची पोती आधीच आणून ठेवा.

दुसरी फसगत होते ती आभाळाकडं बघून. शहरात ऊन पडलेलं असतं आणि नदी चढतच असते. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी. प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो. पाऊस पडतो गगनबावड्याला, दाजीपूरला, राधानगरीच्या डोंगरात. राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं ते आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून सेकंदाला 1,428 घनफूट पाणी भोगावतीत येतं आणि असे सात दरवाजे आहेत. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही बातमी आली की तुमच्या इथं पाऊस आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू होतो. उतरतानाही पाणी घाई करत नाही. पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि तिथं कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला जायला जागाच राहत नाही. 2019 ला आठवडा उलटला तरी कित्येक घरांतलं पाणी हललं नव्हतं. म्हणून तयारी एका रात्रीची नको, निदान आठवडाभराची ठेवा.

अजून घर घेतलं नसेल तर उत्तमच. एजंटाला 'पूर येतो का' असं विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, '2019 ला पाणी कुठवर आलं होतं? आणि 2021 ला?' दोन्ही वर्षं वेगवेगळी विचारा. मग इमारतीच्या कंपाउंडची भिंत आतल्या बाजूनं नीट बघा. रंग दिलेला असला तरी एका उंचीवर आडवा, मळकट पिवळा पट्टा दिसतो. त्याच्या खाली प्लास्टर फुगलेलं असतं, पोपडे निघालेले असतात आणि हात लावला की पांढरी भुकटी बोटाला लागते. विजेचे मीटर कुठं आहेत तेही बघा. मीटरची पेटी जिन्यातून उचलून पहिल्या मजल्याच्या उंचीवर नेलेली असेल, भिंतीवर जुन्या पेटीचा चौकोन आणि खिळ्यांची भोकं खाली तशीच असतील, तर त्या इमारतीनं पूर पाहिलाय. असं घर घेऊच नये असं नाही. वरच्या मजल्यावर घ्यावं आणि समजून घ्यावं. विकत घेणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. पण 2019 नंतर दोनच वर्षांत त्याहून मोठा पूर आला, हे ध्यानात असू द्या.

आता जायचं कुठं? 2019 ला आमच्या शेजारच्या काकी जिन्यात पिशव्या उतरवता उतरवता म्हणाल्या, "वहिनी, आम्ही जातोय पाहुण्यांकडं. तुम्ही कुठं जाणार?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यांनीच मग त्यांच्या भावाचं, इथल्याच संभाजीनगर भागातलं घर आम्हालाही उघडं करून दिलं. हा इथल्या लोकांचा मोठेपणा, पण त्याच्या भरवशावर राहणं बरोबर नाही. ऑफिसातलं, मुलांच्या शाळेतल्या ओळखीचं, गावाकडचं कुणीतरी उंचावर राहत असतं. राजारामपुरीचा वरचा भाग, संभाजीनगर, आर. के. नगर असं कुठंही. त्यांना मे महिन्यात स्पष्ट विचारा, 'पाणी आलं तर चार दिवस येऊ का?' कोल्हापूरचा माणूस नाही म्हणत नाही. आणि तुम्ही स्वतः उंचावर असाल, तर खाली राहणाऱ्या एका तरी घराला आताच सांगून ठेवा की आमच्याकडं या.

कुणीच नसेल तर महापालिकेच्या शाळा, मठ, मंगल कार्यालयं इथं निवारा केंद्रं उघडतात. तिथं जाण्यात कमीपणा काहीच नाही. जेवणाची सोय बहुतेक वेळा होते, गल्लीतल्या तालमींची पोरं रात्रंदिवस राबतात. तालमीतल्या एक-दोघांचे नंबर आताच घेऊन ठेवा, बोट येण्याआधी मदतीला तीच पोरं येतात. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर 1077 आहे, तोही मोबाइलमध्ये असू द्या.

निवाऱ्यात न्यायच्या पिशवीत नेहमीच्या औषधांच्या पंधरा दिवसांच्या गोळ्या चिठ्ठीसकट, प्रत्येकी एक पांघरूण, ताट-वाटी-तांब्या, पाळीचे पॅड, बाळ असेल तर त्याचं दूध आणि लंगोट, टॉर्च, पॉवर बँक असावी. एक लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्ड नक्की घ्या. शाळेच्या हॉलमध्ये प्लग दोन आणि फोन शंभर असतात, बोर्ड घेऊन आलेल्या माणसाला सगळे दुवा देतात. रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेवा, कारण वीज गेली की एटीएम आणि क्यूआर कोड दोन्ही बंद.

कागदांचं जरा थांबून सांगते, कारण इथं आपल्यासारख्यांचं नुकसान होतं. आपल्या आधारवर पत्ता गावाकडचा, रेशनकार्ड गावाकडचं, घर मालकाच्या नावावर, वीजबिलही त्याच्याच. पाणी उतरल्यावर पंचनामा करायला माणसं येतात तेव्हा इथं राहणारे आपणच, हे दाखवायला हातात काही नसतं. आमच्या ओळखीच्या एका भाडेकरू कुटुंबाचं फ्रीज-कपाटापासून सगळं गेलं आणि यादीत नाव लागलं घरमालकाचं. भाडेकराराची प्रत, या पत्त्यावरची गॅसची पावती, मुलांच्या शाळेचा दाखला, बँकेचं पासबुक हे सगळं झिपच्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवा आणि फोटो काढून गावाकडच्या कुणाला तरी पाठवून द्या. आता जूनच्या आधी घराच्या प्रत्येक खोलीचा, सामान दिसेल असा फोटोही काढा. विम्यालाही तो उपयोगी पडतो.

वरच्या मजल्यावर किंवा उंच भागात राहणाऱ्यांनी 'आमच्याकडं पाणी येत नाही' म्हणून निवांत राहू नये. 2019 ला पाण्याखालून वाचलेलं शहरही कोंडलं गेलं होतं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद, रत्नागिरीकडं आणि गगनबावड्याकडं जाणारे रस्ते बंद. पंपावर पेट्रोल मिळेना, या दुधाच्या जिल्ह्यात दूध मिळेना. पाणीउपसा केंद्रं बुडाल्यामुळं पुराच्या गावात नळाला थेंब नव्हता, लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत होते. आता 2023 पासून काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आलीय, पण वीज गेली तर तिचेही पंप थांबणारच. तेव्हा नदी 39 कडं निघाली की गच्चीवरची टाकी, पिंप, कळश्या भरून घ्या. पिण्याचं माणशी रोज तीन-चार लिटर धरा आणि आठवड्याचा हिशोब करा. मेडिक्लोरची बाटली किंवा क्लोरीनच्या गोळ्या घरात असू द्या, टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच प्यायचं. गाडीची टाकी भरा, दुसरा सिलिंडर भरलेला ठेवा. खायला चिरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, पोहे ठेवा, चूल न पेटवताही पोट भरतं. आपल्याकडच्या दशम्या आणि धपाटे इथं फार कामाला येतात, दोन-तीन दिवस सहज टिकतात. मी शेजारीपाजारीही वाटते.

निघताना मेन स्विच बंद करा, पण पायाखाली पाणी आलं असेल तर त्याला हात लावू नका, महावितरणला कळवा. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपण लावून, सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीनं बांधा. रिकामा सिलिंडर तरंगतो आणि आपटत फिरतो. गाड्या आदल्या दिवशीच उंचावर नेऊन लावा. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायला सोसायटीत कुणाला तरी जबाबदारी द्या. निघायचं ते उजेडात. तुमच्या गल्लीच्या आकड्याच्या दोन फूट आधी निघायचं, कारण घर कोरडं असतानाच बाहेरचा रस्ता बुडतो.

पाणी उतरल्यावर काठी आपटत आत जा, कपाटाखाली, गाद्यांच्या गुंडाळीत साप बसलेले असतात. काही हलवायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसह फोटो काढा. मग लगेच गाळ काढायला घ्या. ओला आहे तोवर खराट्यानं आणि पाण्यानं सरकतो, वाळला की सिमेंटसारखा धरतो. गमबूट आणि हातमोजे घालूनच उतरा. पायाला जखम असेल तर आरोग्य केंद्रात दाखवा, लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळ्या द्यायच्या की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरनं धुतल्याशिवाय तिच्यातलं पाणी वर चढवू नका. बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी असतं, ओढूनच गॅरेजला न्या. घरातली वीज वायरमननं प्रत्येक बोर्ड उघडून, वाळवून, तपासून दिल्यावरच सुरू करा. त्या दिवसांत वायरमन मिळणं कठीण जातं, म्हणून त्याचाही नंबर मे महिन्यातच लिहून ठेवा.