बर्फातल्या डोंगरांचे फोटो : या चुका टाळा

हिवाळ्यात केदारकंठा किंवा स्पितीला जाऊन आलेली मंडळी मोठ्या हौसेने फोटो दाखवतात आणि त्यांतल्या बहुतेक फोटोंत एकच दोष असतो, तो म्हणजे बर्फ पांढरा दिसत नाही. सिमेंटच्या ओल्या गिलाव्यासारखा करडा, मळकट दिसतो. हा कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या उजळपणाचे आहे, या गृहीतकावर कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे उजेड मोजणारी यंत्रणा, चालतो. चौकटभर बर्फ असला की एवढा उजेड त्याला जास्त वाटतो आणि तो एक्स्पोजर (फोटोसाठी आत घेतला जाणारा उजेड) खाली खेचतो. स्वयंचलित मोडवर विसंबून राहणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत हे घडते, मग कॅमेरा कितीही महाग असो.

उपाय साधा आहे. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय, अधिक एक ते अधिक दोन स्टॉपपर्यंत (एक स्टॉप वर म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे. उन्हातल्या बर्फासाठी मी अधिक दीडपासून सुरुवात करतो, हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख) पाहतो आणि आलेखातला उजवीकडचा उंचवटा कडेला चिकटून कापला जात असेल तर एक तृतीयांश स्टॉपने खाली येतो. चौकटीत देवदारांचे काळे जंगल निम्म्याहून अधिक असेल, तर मीटर एवढा फसत नाही आणि अर्धा-पाऊण स्टॉपही पुरतो. मोबाइलवर बर्फाला बोट लावून उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली तरी बराच फरक पडतो. मात्र स्क्रीनवरचा फोटो पाहून निर्णय घेऊ नये, कारण लख्ख उन्हात स्क्रीन अंधारी वाटते आणि रात्री तंबूत तोच फोटो झगमगीत दिसतो.

‘रॉमध्ये काढला आहे, घरी उजळवू’ हे उत्तर मला मान्य नाही. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल. गडद फाइल वर ओढली की झाडांच्या आणि कड्यांच्या सावल्यांमध्ये नॉइझ, म्हणजे नको असलेले दाणे, उसळतो. उलट बाजूचा धोका तर अधिक मोठा आहे, कारण एकदा जळलेला, म्हणजे तपशील न उरता पांढराफट्ट झालेला, बर्फ कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात, वाऱ्याने बर्फावर उमटवलेल्या लहरींची एक बाजू सावलीत असते आणि दुसऱ्या बाजूचे कण वेगवेगळे चमकतात. हा पोत टिकला तरच बर्फ बर्फासारखा वाटतो. त्यासाठी लागणारी दोन मिनिटे न देता विकतचे प्रीसेट (रंग-उजेडाच्या तयार सेटिंग) लावून सगळे फोटो एकसारखे करण्याची जी घाई नवशिक्यांमध्ये दिसते, ती मला मनापासून खटकते. सावलीतला बर्फ निळा दिसतो म्हणून तो पुसून पांढरा करण्याचीही गरज नाही, कारण सावलीत पोहोचणारा उजेड निळ्या आकाशाचाच असतो. मी व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) डेलाइटवर, म्हणजे उन्हासाठीच्या पर्यायावर, ठेवतो आणि ती निळाई तशीच राहू देतो.

दुसरी चूक पैशांत महाग पडते. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत आणल्यावर काय होते, हे स्पितीतल्या लांगझा गावी मी जवळून पाहिले आहे. सुमारे ४,४०० मीटर उंचीवरच्या या गावात हिवाळ्यात सगळे घर एका बुखारीभोवती (खोली गरम ठेवणाऱ्या शेगडीभोवती) बसते, तिच्यावर चहाचे पाणी सतत उकळत असते आणि ओले मोजेही तिथेच वाळत असतात. संध्याकाळचे फोटो आटोपून आमच्या गटातला एक तरुण गळ्यातल्या नव्या कॅमेऱ्यासह थेट त्या खोलीत शिरला. क्षणार्धात लेन्स पांढरी झाली. ती त्याने मफलरने पुसली, ती पुन्हा धुरकटली. मग आतला ओलावा पुसण्यासाठी त्याने लेन्सच काढली आणि खोलीतली दमट हवा थेट फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर गेली. सगळे थांबायला सांगत होते, पण आकाश निरभ्र झाल्याचे कळताच तो ताऱ्यांचे फोटो काढायला तसाच बाहेर पळाला. थोड्या वेळाने पाहिले तर लेन्सच्या मागच्या काचेवर दहिवराची जाळी गोठली होती आणि फोकसची रिंग जेमतेम फिरत होती. पुढच्या सगळ्या प्रवासात त्याच्या प्रत्येक फोटोत आकाशावर त्याच जागी डाग येत राहिले.

हे टाळण्यासाठी दाराबाहेरच, थंडीत असतानाच, कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी, कॅमेरा झिपच्या जाड पिशवीत घालावा, हवा दाबून काढावी आणि पिशवी बंद करून मगच आत जावे. दव पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरते, कॅमेरा कोरडा राहतो. ही पिशवी बुखारीपासून लांबच्या कोपऱ्यात किमान दोन तास तरी बंद राहिली पाहिजे. फोटो लगेच पाहायचेच असतील तर कार्ड हातात आहेच. रात्री पुन्हा बाहेर पडायचे असेल तर मी कॅमेरा आत आणतच नाही, तो बॅगेसह थंड पडवीत ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या साठवणुकीसाठी ठीक आहेत, पण या प्रसंगी त्यांच्या भरवशावर राहू नये.

बॅटऱ्या मात्र रात्री झोपण्याच्या पिशवीत आणि दिवसा आतल्या खिशात असाव्यात. थंडीत ‘संपलेली’ बॅटरी ऊब मिळाल्यावर बरेचदा पुन्हा चालते. लेन्सवरचा भुरभुरीत बर्फ फुंकरीने उडवू नये, श्वासातली वाफ काचेवर गोठते. रबरी ब्लोअर किंवा मऊ ब्रश वापरावा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण फाकवून खोल बर्फात दाबल्यास सांधे मोडू शकतात, म्हणून ते थोडे मिटलेले ठेवून दाबावेत आणि तळ घट्ट लागल्याशिवाय कॅमेरा चढवू नये. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) लावला की आधीच गडद असलेल्या आकाशात काळा पट्टा उमटतो, त्यामुळे तिथे मी तो काढूनच ठेवतो.

सूर्योदय म्हणजेच उत्तम उजेड, हेही सगळीकडे खरे नाही. उत्तराखंडातल्या मुनस्यारीहून पंचचुली ही पाच शिखरांची रांग पूर्वेच्या बाजूला आहे, त्यामुळे पहाटे थंडीत उभे राहणाऱ्यांना शिखरांच्या काळ्या आकृत्याच मिळतात. त्या पाच सुळक्यांवर तांबूस-सोनेरी उजेड चढतो तो मावळतीला. निघण्यापूर्वी नकाशावर शिखराची दिशा पाहण्याचे कष्ट मात्र फार थोडे लोक घेतात.

शेवटची चूक पावलांची. नवा बर्फ दिसला की लोक धावत त्याच्या मधोमध जातात आणि ज्या कोऱ्या उतारासाठी इथवर आले, तोच तुडवतात. मी आधी कडेला उभा राहून चौकट ठरवतो, सोबत्यांना मागून यायला सांगतो आणि आधीच मळलेल्या वाटेवरूनच ट्रायपॉडच्या जागेपर्यंत जातो. फोटोत माणूस हवा असेल तर मोकळ्या उताराचे सगळे फोटो झाल्यावर त्याला सर्वांत शेवटी, एकदाच आणि एकाच रेषेत चालायला सांगतो.