थर्माकोल साच्याची भिंत भरताना हवामान बघा
थर्माकोलच्या पोकळ ठोकळ्यांत काँक्रीट भरताना थंडीत जास्त भीती असते ती साचा फुटण्याची. गार काँक्रीट उशिरा सेट होतं, तोवर त्याचा दाब ठोकळ्यांवर टिकून राहतो. म्हणून ३ ते ४ फुटांचा थर सगळीकडे फिरवा आणि तो आवळायला लागल्यावरच पुढचा घ्या. पायावरचा बर्फ आधी काढा. बाजूंना थंडीपासून थर्माकोलच सांभाळतो. उघड्या माथ्यावर लगेच प्लास्टिक आणि जाड ब्लँकेट टाका.

कडक उन्हात काँक्रीट गाडीतच घट्ट होऊ लागतं. मग आडव्या सळ्यांखाली पोकळ्या राहतात आणि थर्माकोलमागे त्या दिसतही नाहीत. पहाटे भरा, काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटवरच रिटार्डर (सेट होणं लांबवणारं रसायन) घालून घ्या, स्लम्प (काँक्रीट किती पातळ, त्याचं माप) १२५ ते १५० मिमी मागवा. साइटवर वरून पाणी ओतायचं नाही, ताकद जाते.