मांजरपाटावरची कावी: आधी लग्नाचा पडदा, मग घराचा

लग्नाच्या सजावटीसाठी मोबाईलमध्ये दोनशे फोटो साठवून काही हाती लागत नाही. त्यातले निम्मे राजवाड्यांतले, वीस फूट उंच छताखालचे. आपल्याला सजवायचा असतो अंगणातला माटव, म्हणजे मांडव, फार तर दहा फूट उंच. तो फोटो डेकोरेटरला दाखवला की तो थर्माकोल आणि प्लास्टिकच्या फुलांत त्याची नक्कल करून देतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं कचऱ्यात.

त्यापेक्षा गोव्यात मोरजीला मोरजाईच्या देवळात जाऊन भिंती बघा. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, ही कावी. रंग दोनच, आणि बरीचशी नक्षी कंपासाने काढलेली वर्तुळं, पाकळ्या, वेली. म्हणजे चित्रकला येत नसली तरी चालतं. स्वस्तात देखणं करण्यासाठी याहून सोयीचा नमुना गोव्यात दुसरा नाही. हीच नक्षी मांजरपाटावर लाल रंगाने छापून नवरा-नवरीमागचा पडदा करायचा. विचारून, फ्लॅश न मारता तीन फोटो घ्या: एक वर्तुळ, एक किनार, एक पूर्ण भिंत. देवतांची चित्रं उचलू नका. पडदा जमिनीला टेकतो, त्याला पाय लागतात.

कापड. साधा, न रंगवलेला मांजरपाट, 90 सेंटिमीटर पन्ह्याचा, 9 मीटर. धुतल्याशिवाय कात्री लावायची नाही. त्यात खळ असते, रंग तिच्यावर बसतो आणि पहिल्या धुण्यात खळीसकट जातो. शिवाय कापड आटतं. रात्रभर पाण्यात, सकाळी साबणाने, वाळवून इस्त्री. मग तीन सारखे तुकडे.

तिन्ही तुकडे एकमेकांना जोडू नका. शिंपी हमखास जोडायला बघतो, त्याला आधीच सांगा. वर बांबू जाईल एवढा नेफा, खाली काठी जाईल एवढा. तीन पट्ट्या जरा एकमेकींवर चढवून टांगल्या की आठ फूट रुंदीचा पडदा होतो, आणि लग्नानंतर दारांचे तीन पडदे.

रंग. इथे लोक तीन चुका करतात. पहिली, गेरू नुसत्या पाण्यात कालवणं. वाळल्यावर तो हाताला लागतो आणि पडद्याला टेकलेल्या प्रत्येक पैठणीच्या पाठीवर उमटतो. दुसरी, खिडकीच्या गजांना लावतात तो रेड ऑक्साईड प्रायमर. तो तेलाचा असतो, कापडावर प्रत्येक रेघेभोवती पिवळट तेलकट डाग पसरतो आणि वास आठवडाभर जात नाही. तिसरी, घरात उरलेल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात, म्हणजे इमल्शनमध्ये, लाल स्टेनर (छटा आणायचा दाट रंग) टाकणं. कितीही बाटल्या ओतल्या तरी तो गुलाबीच राहतो.

रंगाच्या दुकानात गडद बेसचं अॅक्रिलिक इमल्शन मशीनवर विटकरी लाल करून मागा. एक लिटरमध्ये सगळं होऊन उरतं. त्याने कापड थोडं ताठ होतं, पडद्याला ते बरंच. उशांचे अभ्रे करायचे असतील तर मात्र कापडाचा अॅक्रिलिक रंग घ्या.

स्टेन्सिल, म्हणजे नक्षी कापून काढलेला साचा. सगळं काम इथे बिघडतं, म्हणून घाई करायची असेल तर दुसरीकडे करा.

पुठ्ठा वापरू नका, दहा ठशांत फुगतो. घरोघरी कपाटावर पडलेली जुनी एक्स-रे फिल्म घ्या. मोठी फिल्म साधारण 35 बाय 43 सेंटिमीटरची असते, तेवढी पुरते. किनारीसाठी 14 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. कंपास तसाच 7 सेंटिमीटरवर ठेवून टोक परिघावर टेकवा आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत कमान मारा. ती जिथे परिघाला भेटली तिथे टोक ठेवून पुढची. सहा कमानींत सहा पाकळ्या तयार.

आता कापताना पाकळ्या मध्यबिंदूपर्यंत नेऊ नका. नेल्या तर दोन पाकळ्यांमधली फिल्मची टोकं सुईसारखी उरतात, वर उचलली जातात, त्यांच्याखाली रंग शिरतो आणि फुलाच्या मधोमध लाल गोळा होतो. मध्यापासून 5 मिलिमीटर आधी थांबा. फुलाभोवती कडं हवं असेल तर तेही सलग कापायचं नाही, नाहीतर आतलं फूल गळून हातात येईल. सहा ठिकाणी सेंटिमीटरभर न कापलेले पूल ठेवा. जुन्या लादीवर कापा, वळणावर कटर फिरवू नका, फिल्म फिरवा.

ठसा मारताना रंगात पाणी घालायचं नाही. एक थेंबही नाही. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात टेकवा, मग वर्तमानपत्रावर तीन-चार वेळा आपटा, आणि स्पंज जवळजवळ कोरडा वाटला की कापडावर. सरळ खाली टेकवायचा, घासायचा नाही. पहिला ठसा फिका वाटेल. तो वाटू दे, वरून दुसरा हात द्या. एकदाच भरपूर रंग लावणाऱ्याच्या पाकळ्यांना मिशा फुटतात आणि त्या पुसता येत नाहीत. दर चार ठशांनी फिल्मची मागची बाजू ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. कापडाखाली प्लास्टिक घालू नका, खाली उतरलेला रंग त्याच्यावर पसरून परत कापडाला लागतो. जुनी चादर बरी, ती रंग शोषते.

किनार मोजून घ्या. धुतल्यावर पट्टी जेवढी रुंद उरेल तिचे पाच भाग, प्रत्येक भागाच्या मध्यावर एक फूल. डावीकडून सुरू करून अंदाजाने गेलात तर शेवटी अर्धं फूल उरणारच.

मधल्या पट्टीवर 60 सेंटिमीटरचं एक मोठं फूल. त्याचं अख्खं स्टेन्सिल कापत बसू नका. 30 सेंटिमीटर लांबीची एकच पाकळी कापा आणि मध्यापासून सहा वेळा फिरवा, पण एकीचा रंग वाळल्याशिवाय शेजारच्या पाकळीला हात लावू नका. नवरा-नवरी खुर्चीवर बसणार असतील तर फुलाचा मध्य त्यांच्या पायाखालच्या जमिनीपासून 170 सेंटिमीटरवर घ्या. त्याखाली घेतलात तर फोटोत ते डोक्यांमागे लपतं.

एक दिवस वाळवा, उलट्या बाजूने इस्त्री करा. मे महिन्याच्या दमटपणात दोन दिवस धरा.

टांगणं. वर दहा फुटी बांबू, खाली प्रत्येक पट्टीत जड काठी. काठी नसेल तर दुपारी समुद्राचा वारा सुटला की पडद्याचं शीड होतं.

बाकी फारसं काही लागत नाही. दोन्ही बाजूंना केळीचे गभे, वर आंब्याची टाळी, आगरातली चुडतां (माडाची झावळं), आणि फुलांचा एकच रंग: पिवळा झेंडू किंवा अबोली, दोन्ही नकोत. झेंडूची मध्यम फुलं किलोत शंभरच्या आसपास येतात, दाट ओवली तर तीनेक मीटर माळ होते. मातीच्या पणत्या, मडकी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात.

दिव्यांपुरतं मात्र ऐका. पांढऱ्याफेक ट्यूबखाली हा लाल मेलेला, तपकिरी दिसतो. खोक्यावर 2700 के लिहिलेले पिवळसर बल्ब लावा, दोन्ही बाजूंनी, पडद्यापासून चार फूट पुढे.

लग्न झालं की मोठ्या फुलाची पट्टी चवथीला गणपतीमागे, माटोळीखाली (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीखाली) छान बसते. बाकीच्या दोन दारांना. धुवायची ती थंड पाण्यात, हाताने. ठेवताना घडी घालू नका, रंगाला तिथे चिरा पडतात. काठीवर गुंडाळून ठेवा, रंगाची बाजू बाहेर.